घरची धुणी

दुपारपासून डोकं तापलं आहे. स्वयंपाक झाला, क्लासच्या पोरींचे ब्लाउज बेतून ठेवले, तरी मनातून जाईना. म्हणून रात्री साडेदहाला लिहायला बसली. लांब होईल, ज्याला वाचायचं त्यानं वाचा.

आज तालुक्याला वक्तृत्व स्पर्धा होती, आठवी ते दहावीची. विषय 'माझ्या स्वप्नातील आशिया'. परीक्षक तिघं होते. अध्यक्ष म्हणून एक निवृत्त साहेब, एक सर आणि तिसरी मी. तिसऱ्या परीक्षकाचं ऐन वेळी रद्द झालं आणि आयोजकांना एक बाई पाहिजेच होती, म्हणून मला फोन आला. मी मशीन झाकली आणि गेली.

नऊ पोरं बोलली. त्यातल्या पाच जणांचं भाषण एकाच मोबाईलमधून उतरलेलं होतं, हे आंधळ्यालाही कळलं असतं. महासत्ता, बुलेट ट्रेन, एकविसावं शतक आशियाचं, टाळ्या. पोरांना दोष नाही देत मी, घोकून घेणारे आपणच.

सहावी आली ती पांढरकवड्याकडच्या एका खेड्यातली, दहावीतली पोट्टी. हातात कापडी पिशवी. माइकसमोर उभी राहून तिनं पिशवीतून एक जीन्सची पॅन्ट काढली. भावाची. गुडघ्यावर ठिगळ, टाके घरचेच, पण सरळ. तिनं ती उलटी केली, कमरेच्या आतलं लेबल दोन बोटांत धरलं आणि वाचलं, "मेड इन बांगलादेश."

मागच्या रांगेतली पोट्टे हसली. ती थांबली नाही.

सुरुवात पुस्तकी मराठीत केली होती, पण दोन वाक्यांत ती आपल्या बोलीवर आली. म्हणाली, "आमच्या वावरातला कापूस जीनमध्ये, सरकी काढाच्या कारखान्यात जाते. त्याच्या गाठी होते, गाठीचं सूत होते, आन् त्यातलं काही ढाक्याले जाते. तिथं पोरी त्याचे कपडे शिवते. माही माय कापूस वेचते हे त्या पोरीले माहीत नाही, आन् ते पोरगी शिवते हे माह्या मायले माहीत नाही. माह्या सपनातल्या आशियात लेबलवर दोन गावं लिहिले पाहिजे. कापूस पिकला ते, आन् कपडा शिवला ते."

माझ्या अंगावर काटा आला. सांगते का ते.

मी सातवीत होती तेव्हाची गोष्ट. एकाधिकार खरेदीचा काळ, कापूस सरकारलाच विकायचा. बाबांसोबत कापसाची गाडी घेऊन खरेदी केंद्रावर गेली होती. रांग इतकी की दोन रात्री गाडीखालीच काढल्या. थंडी होती, वर कापूस, खाली तणस, बैल बाजूला रवंथ करून राहिले. मी विचारलं, बाबा, हा कापूस कुठी जाते? म्हणे, जीनमध्ये. मी म्हटलं, जीनमधून कुठी? बाबा म्हणे, "झोप आता."

तेहतीस वर्षं झाली. मी शिवणक्लास चालवते, रोज कापड हाताळते, पण त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी शोधलं नाही. या पोरीनं शोधलं. तिला कोणी "झोप आता" म्हटलं असेल तरी ती झोपली नाही.

पुढं तिनं राणा प्लाझाचं सांगितलं. २४ एप्रिल २०१३, ढाक्याजवळ सावारची आठ मजली इमारत. आदल्या दिवशी भिंतींना भेगा दिसल्या होत्या, तरी सकाळी शिवणाऱ्या पोरी-बायांना कामावर चढवलं. इमारत कोसळली, अकराशेच्या वर माणसं मेली. सभागृहात कोणालाच हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि मी पोटासाठी शिवते! ती म्हणाली, "ते बाया आमच्याच कापसाखाली मेल्या असन, कोणाले माहीत." आणि खाली बसली.

आता अध्यक्ष साहेबांचं ऐका. ती बसताच हसत हसत म्हणाले, "बेटा, विषय खंडाचा होता. तू तर घरची धुणी घेऊन आली." सगळे हसले. पोरगी मान खाली घालून पॅन्टीची घडी करत राहिली. एकदा केली, मोडली, परत केली.

घरची धुणी! अहो, खंड म्हणजे काय भिंतीवरचा नकाशा आहे का? आपल्याकडं तो दारात येऊन पडला आहे. कारखान्यात युरिया नैसर्गिक वायूपासून बनतो आणि त्यातला कितीतरी वायू कतारहून जहाजानं येतो. म्हणजे आखातात काही बिनसलं की कृषी केंद्रापुढं रांग आपली लागते. माझी बहीण वरुडकडं दिली आहे, संत्र्याचा बगीचा आहे त्यांचा. २०१९ पासून बांगलादेशानं संत्र्यावरचं आयात शुल्क वाढवत नेलं. तेव्हापासून दरवर्षी भाव पडला की तिचा फोन येतो आणि ती रडते. ढाक्यातला कागद वरुडातलं लग्न पुढं ढकलतो. आणि ही पोट्टी बोलली तर विषय सोडून बोलली?

इंग्रजांना बरं कळलं होतं की आपला कापूस दूर जातो. खामगावला आगगाडी कशासाठी आणली त्यांनी? आपली यवतमाळची छोटी गाडी, शकुंतला, कशासाठी धावत होती? कापसासाठीच ना! फक्त कापूस पिकवणाऱ्यानं तो कुठं जातो हे विचारायचं नाही.

अध्यक्ष साहेब मला नंतर चहा घेताना म्हणाले, "मॅडम, यांच्या गावाला एसटी धड येत नाही, हे आशियाचं काय बोलतील? आधी आपल्या उंचीनं बोलावं."

एसटी येत नाही हे खरं आहे, मानते. ती पोरगी पाच किलोमीटर पायी येऊन मग ऑटोत बसली होती. पाण्याचा प्रश्न आहे, नेटवर्कचा आहे, सगळं आहे. पण ते सुटेपर्यंत पोरांनी डोळे मिटून बसायचं का? आणि उंची कोणाची काढता? चीनमध्ये युद्ध पेटलं होतं तेव्हा १९३८ साली आपल्या देशातून मदतीला पाच डॉक्टर गेले. कोटणीस आपण शाळेत शिकलो, पण त्या पाचांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते, हे किती जणांना सांगितलं कोणी? तुकडोजी महाराज मोझरीहून निघून १९५५ साली जपानला विश्वधर्म परिषदेत गेले. कोणत्या कॉलेजची पदवी होती महाराजांकडं? वर्ध्याला विश्वशांती स्तूप उभा आहे तो जपानी भिक्खूंच्या संघाचा. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर जे झालं त्यानंतर आपल्या गल्लीतल्या विहारात थायलंडहून मूर्ती आल्या. ही पोरगी लहानपणापासून अशाच मूर्तीपुढं बसून वंदना म्हणते. तिला आशिया परका कसा वाटेल?

आपल्या माळरानावर, तळ्यांवर हिवाळ्यात पट्टकदंब हंस येतात ना, ते हिमालय ओलांडून मंगोलिया-तिबेटाकडून येतात. नवव्या नंबरचा पोरगा त्यावरच बोलला. त्याचं म्हणणं एवढंच की शाळेच्या पोरांना पण असं जाता यावं, इकडची तिकडं, तिकडची इकडं, निदान एक हिवाळा. त्याच्या गावाजवळच्या तळ्यावर तो पक्षी मोजतो, वहीत लिहून ठेवतो. वही घेऊन आला होता, पण धुण्याचा विनोद ऐकला आणि त्यानं ती काढलीच नाही. ती खिशातून अर्धी दिसत होती, मी पाहत होती.

आणखी एक जण म्हणाला, मला जपानला जाऊन म्हाताऱ्यांची सेवा करायची आहे, मी मोबाईलवरून जपानी शिकतो. तिकडं दर दहात जवळपास तिघं पासष्टीच्या वरचे आहेत म्हणे. त्याच्यावरही हसले लोक. मला मात्र कसंतरी झालं. त्याच्या गावात तरी कोण राहिलं आहे? म्हातारेच. पोरं पुण्याला गेली. हा जपानला गेला तर त्याच्या आजीला कोण पाहील, हेही मनात आलं, खोटं कशाला बोलू. पण त्याला स्वप्न पडायला आपल्याला विचारायची गरज नाही.

पहिला नंबर बुलेट ट्रेनवाल्याला गेला. त्याचे उच्चार स्वच्छ होते, हातवारे बसवलेले होते, वेळेत संपवलं. पोरगी सव्वा मिनिट जास्त बोलली, हे नियमानं चूकच. ठीक आहे. त्या पोरावर राग नाही माझा, गुणी आहे तो.

राग कोणावर आहे ते लिहिता लिहिता मला कळून राहिलं.

दोन ओळी मी त्या चहाच्या वेळी बोलायला पाहिजे होत्या. साहेब म्हणाले "आपल्या उंचीनं बोलावं" तेव्हा मी कपाकडं पाहिलं. परीक्षक म्हणून मला तिथं बसवलं होतं, माझ्या हातात गुणपत्रिका होती, आणि मी खरेदी केंद्रावरच्या त्या गाडीखालीच होती अजून. झोप आता म्हटलं की झोपणारी.

बाबांना दोष नाही. दोन रात्रींचा जागलेला माणूस, सकाळी ग्रेडर कोणता ग्रेड लावतो याचा घोर, चुकारा कधी मिळतो त्याचा घोर. त्यांनाही उत्तर माहीत नसेल. माहीत नाही म्हणायची लाज वाटली असेल. आता ते नाहीत. असते तर आज त्यांना सांगितलं असतं, बाबा, जीनमधून ढाक्याला जाते, तिथं पोरी शिवतात.

कार्यक्रम संपला, मी चपला घालत होती, तर ती जवळ आली. पिशवी छातीशी धरलेली. "मॅडम, तुमी मले किती मार्क देले?"

असं विचारायचं नसतं, सांगायचं तर मुळीच नसतं. पण मी सांगितलं. दहापैकी आठ.

तिनं थोडा विचार केला. "दोन काहून कापले?"

मी म्हटलं, वेळ जास्त झाली म्हणून. तिनं मान हलवली, बरं मॅडम म्हणाली आणि ऑटोकडं पळाली. शेवटचा ऑटो होता तो.

खोटं बोलली मी. वेळेमुळं नाही कापले. कागद भरताना साहेब बाजूनं पाहत होते, आणि मी नऊ लिहून, नंतर त्या नऊचं आठ केलं. मधलं खोडलेलं अजून दिसत असेल त्या कागदावर. दहा लिहायला तर हात गेलाच नव्हता.

तिच्या शाळेचा नंबर आयोजकांकडून घेतला आहे. सोमवारी क्लास बंद ठेवून जाते.