कैवारी काढतो, आधारस्तंभ ठेवा

मराठी विकिपीडियावर एका भावी नगरसेवकाचं चरित्र कुणीतरी चढवलं होतं. लांबीला अंबाजोगाईच्या दासोपंतांची पासोडी, संदर्भ शून्य, आणि माहितीचौकटीत ‘पदाचा कार्यकाळ : लवकरच’. मी त्याला ‘पानकाढा’ साचा लावला, म्हणजे हे पान वगळावं अशी पाटी. सकाळी साचा गायब. परत लावला. माझं सदस्यनाव म्हणजे माझंच नाव. लातुरात एवढं पुरतं.

गंजगोलाईजवळ सुशीला खात बसलो होतो (मुरमुऱ्यांची असते, पुणेकरांसाठी सांगितलं). समोर एक फ्लेक्सवाला येऊन बसला.

“सर, ते पान काढा म्हणलेले तुमीच का ओ?”

“लेख तुम्ही लिहिलात?”

“पॅकेज हाय आपलं. वाढदिवसाचे दहा फ्लेक्स घेतले की विकिपीडिया फुकट.”

पैसे घेऊन लिहिलं तर तसं जाहीर करावं लागतं, २०१४पासून नियमच आहे, असं मी ऐकवलं.

“फुकट म्हणलो की सर. पैसे कुठं घेतलो?”

मग मी उल्लेखनीयतेवर आलो. त्रयस्थ माणसानं दखल घेतलेली लागते, वगैरे. त्यानं लगेच मोबाइलवर फ्लेक्सचा फोटो दाखवला.

“हा तुम्हीच छापलात ना?”

“मग? माझ्याइतकं पक्कं कुणाला माहीत असंल?”

त्यानंतर वाढदिवसाची पुरवणी निघाली. पानभर साहेब, खाली शुभेच्छुकांची रांग.

“ही जाहिरात आहे हो.”

“जाहिरात कशी? बाजूला संपादकाचा फोटो हाय की.”

माझी सुशीला गार झाली. तो मात्र तडजोडीला आला. “तुमचं बी राहू द्या, आमचं बी राहू द्या. ‘गोरगरिबांचे कैवारी’ काढतो. ‘आधारस्तंभ’ ठेवा.”

“नाही.”

“मग ‘दमदार’? चारच अक्षरं हायती सर. चार अक्षरांनी विकिपीडिया बुडतंय का?”

मी मान हलवली. त्यानं माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

“तुमाला याचे किती भेटतात?”

“काही नाही.”

“काहीच नाही?” त्याचा आवाज एकदम मऊ झाला. पोऱ्याला हाक मारून म्हणाला, “सरांना एक चहा दे रे, माझ्याकडून.”

त्या चहाचा मला अजून राग आहे. प्यायलो, तरी आहे.

पण खरा राग वेगळा आहे. १७ सप्टेंबर १९४८ला हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्यासाठी आमच्या खेड्यापाड्यांतून जी माणसं झटली, त्यांच्यातल्या एखाद्यावर लेख लिहायला बसा. गावात म्हाताऱ्यांच्या तोंडी सगळं असतं, छापलेलं काही नसतं. तिथं तोच उल्लेखनीयतेचा नियम आडवा येतो, आणि साचा लावायला माझ्यासारखाच कुणी बसलेला असतो. नियम चूक नाही. ऐकीव गोष्टींवर ज्ञानकोश चालत नाही, हे मीच चावडीवर, म्हणजे विकिपीडियाच्या चर्चेच्या पानावर, लोकांना समजावतो. समजावताना जीभ जड होते. ज्यांनी जीव धोक्यात घातला त्यांच्या नावाची पुरवणी कोण काढणार? आणि इकडे केक कापला की पानभर कागद तयार!

रविवारी एका साप्ताहिकात साहेबांचा हसरा फोटो आला. मथळा : ‘युवा नेतृत्व विकिपीडियावर चर्चेत’. ती चर्चा म्हणजे पान काढावं की नाही ही, आणि तीत मतं दोनच : एक माझं, एक फ्लेक्सवाल्याचं.

काल लेख उघडला. पानकाढा पुन्हा गायब. ‘दमदार’ जागेवर, आणि त्याच्या डोक्यावर संदर्भाचा चिमुकला आकडा. दाबून पाहिला, तर तीच बातमी.