ट्रक ड्रायव्हर घडवायला अनुदान मिळतं. पण नक्की कशाला मिळतं?

हल्ली असा एखादा फोन येतोच. "मॅडम, ट्रक ड्रायव्हरच्या ट्रेनिंगला सरकार पैसे देतंय म्हणे, एक फक्कड प्रस्ताव करून द्या." पलीकडे बहुधा कुठल्यातरी ट्रस्टचे सचिव असतात, नाहीतर नगरसेवक व्हायची स्वप्नं बघणारे कार्यकर्ते. संस्थांचे अर्ज-प्रस्ताव लिहिणं हा माझा धंदाच आहे, त्यामुळे मला आनंद व्हायला हवा. पण या एका विषयावर माझी सटकते. का, ते इथे एकदाचं लिहून टाकते, म्हणजे पुढच्या फोनला हीच पोस्ट पाठवता येईल.

पैसे आहेत, हे खरंच. देशात 22 लाख प्रशिक्षित ड्रायव्हर कमी आहेत, असं नितीन गडकरींनी 2025 मध्ये लोकसभेत सांगितलं. प्रशिक्षण केंद्रांसाठी 4,500 कोटींची योजनाही जाहीर झाली आहे. त्याशिवाय 2015 पासून चालू असलेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत कमर्शियल व्हेईकल ड्रायव्हरचा कोर्स आहेच. आणि गरज विचाराल, तर कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये किंवा न्हावा शेव्याच्या रस्त्यावर कुठल्याही ट्रान्सपोर्टरला विचारा. गाडी आहे, हप्ता चालू आहे, ड्रायव्हर गावाला गेलाय तो परत आलेला नाही.

मग घोडं अडतं कुठे? जमिनीत.

मान्यताप्राप्त ड्रायव्हिंग ट्रेनिंग सेंटरचे नियम 1 जुलै 2021 पासून लागू झाले. जड वाहनं शिकवायची तर सपाट भागात दोन एकर जागा, वर्गखोल्या, प्रोजेक्टर, सिम्युलेटर (पडद्यासमोर बसून ड्रायव्हिंगचा सराव करायचं यंत्र), ट्रॅक, बायोमेट्रिक हजेरी. नियम वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. अशा सेंटरचं सर्टिफिकेट असलं की आरटीओत ड्रायव्हिंग टेस्ट द्यावी लागत नाही, म्हणजे सेंटर तोलामोलाचं हवंच. पण मुंबईत दोन एकर? वडाळ्याला रात्री गाडी लावायला जागा शोधताना लोकांची भांडणं होतात, आणि आपण ट्रॅक आखणार! साहजिकच अर्ज करतो तो वाडा, पालघर, खालापूरकडे जमीन धरून बसलेला माणूस. त्याच्या प्रस्तावात कंपाऊंड वॉल असते, ऑफिस असतं, ट्रॅकचं डांबरीकरण असतं. शिकणारा पोरगा शेवटच्या पानावर लाभार्थी संख्या म्हणून भेटतो.

या पोराची जरा ओळख करून घ्या. गोवंडी-मानखुर्दला राहतो, तीन-चार वर्षं क्लीनर म्हणून फिरलाय. टायर बदलतो, ताडपत्री बांधतो, वाराईवरून, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीवरून, हुज्जत घालतो, टोलनाक्यावर उस्तादाला, म्हणजे मुख्य ड्रायव्हरला, डोळा लागला तर त्याला हलवून जागं करतो. जड वाहनाचा कोर्स 38 तासांचा, सहा आठवड्यांत पुरा करायचा. हे सहा आठवडे त्याच्या घरी भत्ता कोण पाठवणार? वाड्याला जायचं-यायचं कसं, राहायचं कुठे? मी पाहिलेल्या बहुतेक बजेटमध्ये या रकान्यापुढे शून्य असतं किंवा 'स्थानिक सहभागातून' असं गोड वाक्य असतं. मग वर्ग भरतो कोणाने? ज्याला ट्रक चालवायचाच नाही, पण सर्टिफिकेट फुकट मिळतंय तर घेऊन ठेवू, अशांनी.

राज्याच्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत महिन्याला 6,000 ते 10,000 विद्यावेतन आहे, ते का घेत नाही, असं एकाने मला विचारलं. अहो, तिथे किमान बारावी पास लागतं. आमचा क्लीनर आठवीतून थेट गाडीवर चढलेला.

आता कायद्याची गोष्ट. फोनवर मी पहिला प्रश्न पोरांच्या वयाचा आणि लायसन्सचाच विचारते आणि पलीकडे शांतता पसरते. मोटार वाहन कायदा, 1988 प्रमाणे व्यावसायिक वाहन चालवायला वयाची 20 वर्षं पूर्ण लागतात. आणि ट्रकचं लर्निंग लायसन्स हवं असेल, तर हलक्या वाहनाचं लायसन्स हातात येऊन एक वर्ष झालेलं असावं लागतं. 'वयोगट 18 ते 25, बेरोजगार युवक' असं लिहून आणलेला प्रस्ताव तिथेच कोसळतो. त्यातल्या निम्म्या पोरांना सहा आठवड्यांनंतर स्टिअरिंग धरायची परवानगीच नाही!

पण याच एका वर्षात खरी संधी आहे आणि ती कोणी मागत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर 7,500 किलोच्या आतलं व्यावसायिक वाहनही चालवता येतं, वेगळा शेरा लागत नाही. म्हणजे वीस पूर्ण झालेला पोरगा आधी हलकं लायसन्स काढून छोटा हत्ती किंवा पिकअप चालवेल, पगार घरी देईल, मुंबईच्या गल्लीबोळांत हात साफ करेल, आणि वर्षाने हेवीला बसेल. अनुदान मागायचं ते या दोन टप्प्यांसाठी मागा. आधी लायसन्सचा खर्च, मग वर्षानंतरचे सहा आठवडे भत्त्यासकट.

दुसरं दुखणं शिकवणाऱ्याचं. नियमाप्रमाणे प्रशिक्षक बारावी पास, पाच वर्षांचा अनुभव असलेला हवा. आमच्या ओळखीचे एक मामा आहेत, ट्रेलर चालवण्यात आयुष्य गेलं. चाळीस फुटी कंटेनर भिवंडीच्या अरुंद गाळ्याला असा लावतात की बघत राहावं. मागचा ट्रेलर डावीकडे न्यायचा तर स्टिअरिंग आधी उजवीकडे तोडायचं, मग ट्रेलर वळायला लागला की त्याच्या मागे जायचं. हे 'मग' नेमकं कधी, ते मामा नुसत्या आरशात बघून सांगतात. त्यांचं शिक्षण सातवी. प्रस्तावात त्यांना 'प्रशिक्षक' म्हणता येत नाही.

अर्थात उस्तादांची आरती ओवाळायचीही गरज नाही. हेच मामा खोपोलीकडे उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलला टाकायचे, आणि क्लीनरलाही तेच शिकवायचे. भरलेली गाडी, गिअर काढलेला, नुसत्या ब्रेकवर उतार. ब्रेकचा ड्रम तापतो आणि ब्रेक धरेनासा होतो. वर इंजिन बंद केलेलं असेल तर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर फिरत नाही, दोन-चारदा पाय मारला की हवेचा प्रेशर खाली. घाटात उलटलेल्या गाड्यांमध्ये या सवयीचा वाटा किती, हे हायवेवरच्या कोणत्याही क्रेनवाल्याला विचारा. म्हणून वर्ग हवाच. फक्त वर्गात बारावी पास प्रशिक्षकाच्या शेजारी मामांना मानधनावर बसवा आणि ते मानधन बजेटमध्ये लिहा. मामाही काहीतरी शिकतील.

पैशांच्या वाटपाबद्दल थोडक्यात. कौशल्य योजनांचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात, काही भाग परीक्षेनंतर, काही योजनांत तर नोकरी लागल्यानंतर. तोवर डिझेल तुमच्या खिशातून. भरलेला ट्रक लिटरला तीन-चार किलोमीटर देतो. संस्थेची हातातली रोकड संपत आली की पहिली कात्री चाकावरच्या तासांना लागते आणि सिम्युलेटरवरचे तास वाढतात. कागद एकदम स्वच्छ राहतो. तीन वर्षांचं ऑडिट, दर्पण क्रमांक (सरकारी पोर्टलवरची संस्थेची नोंदणी), सीएसआर-1 (कंपन्यांचा सामाजिक कामाचा निधी, म्हणजे सीएसआर, घेण्यासाठीची नोंदणी) सगळं जागेवर असलेल्या संस्थेचीही इथे दमछाक होते, तुमची तर नवीन आहे. त्यामुळे लहान ट्रस्टना माझं सांगणं असं की सेंटर बांधायला जाऊच नका. मान्यता असलेल्या सेंटरशी करार करा, आणि कंपन्यांच्या सीएसआरमधून फक्त भत्ता, राहणं आणि जादा डिझेल मागा. उद्घाटनाची फीत कापायला मिळणार नाही, तेवढं सोसा.

हे ऐकल्यावर बरेच जण "बघतो, कळवतो" म्हणून फोन ठेवतात. एक ट्रस्ट मात्र ठाम आहे, पोरंही तयार आहेत, पहिल्या टप्प्याची लायसन्सं निघाली आहेत. भिवंडी, कळंबोली, तळोजा भागात कोणाचं गोदामाचं यार्ड रविवारी रिकामं पडून असेल तर इनबॉक्समध्ये लिहा. रिव्हर्सचा सराव करायचाय. गाडी आमची, शिकवणाऱ्याकडेही ब्रेक असलेली, डिझेलही आमचं. यार्डाचा वॉचमन दुपारी जेवायला गेला तरी गेट उघडं राहील, एवढंच बघा.