‘बाई असली की गेम पडतो’ म्हणणाऱ्यांना, एका फ्लेक्सवालीकडून

गेल्या आठवड्यात एकच मजकूर मला चार ग्रुपवरून आला. त्याचा गोषवारा असा: गेम मुलं खेळतात, म्हणून कंपन्या ते मुलांसाठी बनवतात. मुख्य पात्र बाई असली की गेम पडतो. बाईचे कमी कपडे दाखवले तर ओरड कशाला, पुरुषही पिळदारच दाखवतात. आणि मुलींना एवढंच वाटत असेल तर त्यांनी स्वतः गेम बनवावेत. खाली शेरा, ‘हा धंदा आहे, समाजसेवा नाही.’

मी नाशकात अशोक स्तंभाजवळ फ्लेक्सची डिझाइनं करते, अकरा वर्षं झाली. जाहिरातीवरच माझं पोट आहे. त्यामुळे धंद्याचंच बोलू.

मुली खेळत नाहीत, हे आधी घेऊ. माझी भाची सिडकोत राहते, बारावीला आहे. रात्री जेवणं झाली की तासभर बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा गेम ऑनलाइन टोळीत खेळते, माइक बंद ठेवून. तिचं खेळातलं नाव वाचून मुलगा की मुलगी काही कळत नाही, तिने ते मुद्दामच तसं घेतलंय. एकदा माइक चुकून चालू राहिला आणि मागून ताई म्हणाली, “ताट उचल गं.” त्या एका ‘गं’वरून पोरांनी ओळखलं. पुढची दहा मिनिटं खेळाचं कुणी बोललंच नाही. नाव काय, कुठली, इन्स्टा दे. तेव्हापासून माइकच्या चिन्हाला तिने हात लावलेला नाही. आता त्या पोरांपैकी कुणी ‘आमच्या स्क्वाडमध्ये कधी मुलगी आली नाही’ असं लिहिलं, तर तो खोटं बोलत नसेल. पण त्याला माहीत तरी काय?

अमेरिकेतल्या गेम उद्योगाची संघटना दरवर्षी पाहणी करते. त्यात खेळणाऱ्यांपैकी बायका-मुली निम्म्याच्या जवळपास निघतात, आणि हे आजकालचं नाही. १९८०चा पॅक-मॅन घ्या. तोरू इवातानी यांनी तो बनवला तेव्हा बायकांनी आणि जोडप्यांनीही आर्केडमध्ये, म्हणजे नाणं टाकून गेम खेळायच्या जागी, यावं हे त्यांच्या डोक्यात होतं, म्हणून मारामारीऐवजी खाण्यावर खेळ रचला. पुढे १९८३मध्ये अमेरिकेत गेमचा बाजार कोसळला. दुकानदार व्हिडिओ गेम म्हटलं की दार लावायचे. १९८५मध्ये जपानची निन्टेंडो कंपनी तिथे उतरली ती सोबत एक रोबो देऊन, खेळणं म्हणून. खेळण्यांच्या दुकानात मुलांची रांग वेगळी, मुलींची वेगळी. माल मुलांच्या रांगेत लागला. १९८९मध्ये हातातलं यंत्र आलं त्याचं नावच गेम बॉय. दहा-वीस वर्षं एकाच रांगेत माल मांडायचा, जाहिरातीत मुलगेच दाखवायचे, आणि मग गिऱ्हाईक मोजून म्हणायचं की बघा, मुलगेच येतात. माझ्या दुकानात फक्त लग्नपत्रिकांचे नमुने लावले, तर बारशाची पत्रिका मागायला कोण येईल?

‘बाई असली की गेम पडतो’ हे वाक्य नीट तपासायला हवं, कारण पैसे लावणारे तेच धरून बसतात. टूम रेडर या गेमची नायिका लारा क्रॉफ्ट १९९६मध्ये आली. त्या मालिकेच्या आजवर ९ कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्यात. २०१७च्या होरायझन झीरो डॉनमध्ये एलॉय नावाची मुलगी धनुष्य घेऊन यंत्रांशी लढते. त्याच्या २ कोटींहून अधिक गेल्या. पडलेले गेम जरूर आहेत. पुरुष नायक असलेले पडलेले गेम तर ढिगाने आहेत, त्यांचं खापर कुणी नायकाच्या मिशीवर फोडत नाही.

शिवाय माल काउंटरखाली ठेवून ‘खपत नाही’ म्हणायचं, असंही इथे झालंय. मास इफेक्ट या गेममध्ये शेपर्ड हा कमांडर पुरुष घ्यायचा की बाई, हे खेळणाऱ्यावर असतं. पहिल्या दोन भागांच्या डब्यावर मात्र पुरुषच. बाई शेपर्डला डब्याच्या कव्हरच्या उलट्या बाजूला जागा मिळाली ती २०१२मध्ये, तिसऱ्या भागाला. पॅरिसच्या डोन्टनॉड स्टुडिओने रिमेंबर मी बनवताना नायिका ठेवली, तर काही प्रकाशकांनी तेवढ्यावरच नकार दिला, हे स्टुडिओच्याच माणसांनी २०१३मध्ये सांगितलंय. २०१४मध्ये युबिसॉफ्ट या गेम कंपनीकडून ऐकू आलं की त्यांच्या असॅसिन्स क्रीड युनिटीत बाई पात्र घ्यायचं तर अ‍ॅनिमेशनचं काम दुप्पट होतं. त्याच मालिकेवर आधी काम केलेल्या एका अ‍ॅनिमेटरने उघडपणे म्हटलं, एक-दोन दिवसांचं काम आहे. ‘मॅडम, हे होणारच नाही’ असं सांगणारे ऑपरेटर मीही पाहिलेत. करायचं नसलं की सगळंच दुप्पट होतं.

आता कपडे. गेल्या वर्षी एका गेमिंग लाउंजच्या स्पर्धेचा बोर्ड माझ्याकडे आला, आठ बाय चारचा. मी प्रूफमध्ये हेडफोन लावलेली एक मुलगी आणि एक मुलगा घेतले होते. मालक म्हणाले, “मॅडम, ही नको. बाई टाकायची तर अशी टाका,” आणि मोबाइलवरचं चित्र पुढे केलं. ते मोठं करून मांडणी करताना मी तासभर त्याच्याकडे पाहत होते. पुरुषाच्या अंगात बुलेटप्रूफ जाकीट, गुडघ्यांना पॅड, हातमोजे, पट्ट्याला काडतुसांच्या पिशव्या, त्यांची शिवणसुद्धा काढलेली. शेजारच्या बाईचं पोट उघडं, पायांत उंच टाचा, कंबर अशी पिळलेली की छाती आणि पाठचा भाग एकदम दिसावेत. बंदूक हातात आहे, पण बोट चापावर नाही. तिला ती चालवायची नाहीच. पुरुषही पिळदार असतो हे खरं. पण त्याचे दंड पाहून मुलाला वाटतं, असं व्हावं. तिला काढलंय ते त्याच मुलाने बघावं म्हणून. दोन्ही चित्रं काढणाऱ्याची नजर एकच आहे.

मला यात सोवळेपणा नको आहे. आमच्या वणीच्या गडावरच्या सप्तशृंगीला अठरा हात, हातांत आयुधं आणि अंगावर पैठणी. तिच्यासमोर उभं राहिल्यावर ती लढवय्यी आहे का, असा प्रश्न कुणाला पडत नाही.

शेवटचं, ‘स्वतः बनवा’. बनवलेतच की. अटारी कंपनीच्या सेंटिपीड गेमच्या निर्मितीत डोना बेली होत्या. १९८२चा रिव्हर रेड कॅरल शॉ यांचा. १९८४चा किंग्ज क्वेस्ट रॉबर्टा विल्यम्स यांचा. आणि २०२०चा राजी तर इथे पुण्यात झाला. तो बनवणाऱ्या स्टुडिओच्या संस्थापकांत आणि कलेची बाजू सांभाळणाऱ्यांत श्रुती घोष आहेत. त्यात डोंबारी घरातली एक मुलगी दुर्गेचा त्रिशूळ घेऊन भावाला सोडवायला निघते. द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणातल्या गेमसाठी त्याला नामांकन मिळालं होतं.

त्या लाउंजचं यंदाच्या स्पर्धेचं काम पुन्हा माझ्याकडेच आलंय. प्रूफमध्ये मी दोघांनाही तेच जाकीट घातलंय, तेच हातमोजे, आणि तिचं बोट चापावर ठेवलंय. भाचीला पाठवलं, तर तिने आधी नावनोंदणीचा नंबर मागितला. मालकांचा ओके अजून यायचाय.