मनोगत संपेपर्यंत

शाळेचे वार्षिक स्नेहसंमेलन मुलांसाठी असते, असा एक गैरसमज निमंत्रणपत्रिकांनी पसरवलेला आहे. वस्तुतः ते माजी विद्यार्थ्यांसाठी असते आणि त्यांची मनोगते संपल्यावर वेळ उरलाच तर मुलांना नाचू दिले जाते. मी ज्या शाळेत शिकलो तिथेच माझी मुलगी तिसरीत शिकत असल्यामुळे पालक आणि माजी विद्यार्थी अशी दोन्ही नाती मला सांभाळावी लागतात. म्हणजे वर्गणी दोनदा द्यायची आणि खुर्ची एकच मिळवायची, तीही मिळाली तर.

या वेळी तिच्या वर्गाच्या वाट्याला कोळीनृत्य आले होते. ड्रेपरीवाल्याकडून आणलेल्या लुगड्याला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता, काठाच्या आतल्या बाजूला निळ्या शाईने ‘गवळण, मोठी’ असे लिहिलेले होते आणि ते लुगडे आठ वर्षांच्या कोळिणीच्या अंगावर ठरावे म्हणून तिच्या आईने घरातल्या सगळ्या सेफ्टी पिना खर्ची घातल्या होत्या. सोबत एक टोपली व तीन प्लास्टिकचे पापलेट होते आणि त्या सर्वांची अनामत रक्कम आगाऊ भरलेली होती. ‘पाल्यास साडेपाच वाजता तयार करून आणावे’ अशी सूचना होती. लिपस्टिक बिघडेल या धास्तीने कोळीणबाईंना चार वाजल्यापासून खाणेपिणे बंद होते.

दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत आणि अहवालवाचन हे सर्व यथासांग पार पडले. मोकळ्या मैदानावरच्या वाऱ्यात समईच्या पाच वाती एकाच वेळी पेटत्या ठेवणे हे खरे तर त्या संध्याकाळचे सर्वांत अवघड सादरीकरण होते आणि ते शिपाईमामांनी कापराच्या वडीच्या जोरावर यशस्वी केले; त्याबद्दल त्यांना कोणीही श्रीफळ दिले नाही.

मग मनोगते सुरू झाली. १९७५ साली जुन्या अकरावीची आणि नव्या दहावीची मुले एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसली होती, हे महाराष्ट्रात त्या वयाचा प्रत्येक माणूस न विचारता सांगतो. त्यामुळे आमच्या शाळेत सुवर्णमहोत्सवी बॅच एक नसून दोन निघाल्या. अकरावीवाल्या काकांनी आपला अभ्यासक्रम किती खडतर होता हे सविस्तर सांगितले. त्यावर दहावीवाल्या काकांनी, आपल्याला नवी पुस्तके, नवे गणित आणि नवी प्रश्नपत्रिका या सर्वांना एकदम तोंड द्यावे लागल्याचे तितक्याच सविस्तरपणे मांडले. पन्नास वर्षांत हा वाद मिटलेला नाही आणि आमच्या मैदानावर तो मिटण्याची कोणाला घाईही दिसली नाही.

एका बाबतीत मात्र दोन्ही बॅचचे पूर्ण एकमत होते, ते म्हणजे छडी. अमुक सरांनी कसे झोडपले आणि म्हणूनच आपण आज कार्यकारी अभियंता कसे झालो, हे ऐकताना माजी विद्यार्थी टाळ्या वाजवत होते, आजी विद्यार्थी हात पाठीमागे लपवत होते आणि मुलांना मारण्यास मनाई करणारे शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ पाठ असलेले मुख्याध्यापक समोरच्या फुलदाणीकडे एकटक पाहत होते. न झोडपता अभियंता झालेला एखादा माजी विद्यार्थी असेलच. पण त्याला कोणी बोलावत नसावे.

विंगेत बाईंची चलबिचल वाढली होती. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, हा ध्वनिप्रदूषणाचा नियम २००० सालापासून आहे आणि पालकवर्गाच्या बाजूने उभा राहणारा तो बहुधा एकमेव नियम असावा. ‘‘अहो, तुम्ही माजी विद्यार्थी ना? जरा तुमच्या लोकांना चिठ्ठी द्या की!’’ असे बाईंनी मला सुनावले. मी चिठ्ठी दिली. काकांनी ती मोठ्याने वाचून दाखवली, ‘‘वेळेचे भान हीसुद्धा याच शाळेची देणगी,’’ असे म्हणाले आणि त्या देणगीवर आणखी बराच वेळ बोलले.

अखेर दहाला जेमतेम काही मिनिटे उरली असताना कोळीनृत्याचे एकच कडवे मंजूर झाले. पेन ड्राइव्हवरचे गाणे नेमके दुसऱ्या कडव्यापासून सुरू झाले, तरी मुलींनी पहिल्या कडव्याचाच नाच रेटून नेला. शेवटच्या गिरकीला आमच्या कोळिणीच्या टोपलीतला एक पापलेट सुटला आणि थेट पहिल्या रांगेत, दोन्ही सुवर्णमहोत्सवी बॅचच्या मधोमध जाऊन पडला. सबंध संध्याकाळी अस्सल टाळी पडली ती तेवढीच.

दुसऱ्या दिवशी ड्रेपरीवाल्याने पापलेट मोजले आणि एकाचे पैसे अनामतीतून कापून घेतले. मी चौकशी केली तेव्हा असे कळले, की तो दोन्ही बॅचना शाळेची आठवण म्हणून हवा होता आणि प्रथम कोणी उचलला यावर त्यांच्या ग्रुपवर वाद चालू आहे.