नामाला प्रश्न विचारायचे कधी?

आयर्लंडमधल्या ‘नामा’चा (नॅशनल अ‍ॅसेट मॅनेजमेंट एजन्सी, बँकांची अडकलेली कर्जं हाताळणारी संस्था) विषय निघाला की लोक लगेच सांगतात, ती कर्जं घ्यायला काढलेल्या रोख्यांचं देणं पूर्ण फेडलं, वर अब्जावधी युरो सरकारजमाही केले. खरं आहे, आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. 2008 मध्ये बँका कोलमडल्या, 2009 च्या कायद्याने ही सरकारी संस्था उभी राहिली आणि पाच बँकांची सुमारे 74 अब्ज युरोंची बांधकाम-जमिनींची कर्जं तिने जवळपास 32 अब्जांना घेतली. पण शेवटी हिशेब जुळला, आता मधल्या व्यवहारांबद्दल विचारू नका, हे मला अजिबात पटत नाही.

‘प्रोजेक्ट ईगल’च बघा. उत्तर आयर्लंडमधल्या कर्जदारांची कर्जं 2014 मध्ये एकगठ्ठा सर्बेरस या अमेरिकी फंडाला सुमारे 1.3 अब्ज पौंडांना विकली. त्याआधी पिम्को ही दुसरी बोलीदार गुंतवणूक कंपनी बाहेर पडली होती. व्यवहार झाला तर नामाच्याच उत्तर आयर्लंड सल्लागार समितीच्या एका माजी सदस्याला मोबदला जाणार, हे पिम्कोनेच नामाला कळवलं होतं. एवढं कळल्यावर विक्री तिथेच थांबायला हवी होती. नामाने ती चालू ठेवली.

जुलै 2015 मध्ये मिक वॉलेस या खासदाराने सभागृहात या व्यवहाराशी जोडलेले 70 लाख पौंड आइल ऑफ मॅन बेटावरच्या एका खात्यात गेल्याचा आरोप केला, तेव्हा कुठे या व्यवहारावर उघड चर्चा सुरू झाली. सप्टेंबर 2016 मध्ये महालेखापरीक्षकांचा अहवाल आला, मार्च 2017 मध्ये लोकलेखा समितीचा. तोवर विक्रीला तीन वर्षं होत आली होती.

या सगळ्यात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो वाद पुढच्या पैशाची आजची किंमत काढायच्या दराचा, जो बातम्यांत फारसा कुणी नीट वाचला नाही. कर्जं विकली नाहीत, हळूहळू वसूल केली, तर पुढे येणाऱ्या पैशाची आजची किंमत किती? दर जितका जास्त धराल, तितकी ती कमी निघते. नामाचा नेहमीचा दर 5.5 टक्के होता. त्या दराने महालेखापरीक्षकांच्या हिशेबात किंमत निघते 1.49 अब्ज पौंड, म्हणजे करदात्यांचा 19 कोटी पौंडांपर्यंत संभाव्य तोटा. नामाचं म्हणणं असं, की असा गठ्ठा घेणारा याहून बराच जास्त परतावा मागतो, म्हणून दरही जास्त धरायला हवा, आणि मग तोटा झालाच नाही. या युक्तिवादात दम असेलही. पण नेहमीचा दर सोडायचा, तर त्याची कारणं विक्रीआधी कागदावर यायला हवीत आणि कुणी तरी बाहेरच्याने ती तपासायला हवीत. खासदारांसमोर महालेखापरीक्षक आणि नामा नंतर आकड्यांवरून भांडले, त्याने गेलेली मालमत्ता परत येत नाही.

बोलीची मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी अर्थमंत्री मायकल नूनन सर्बेरसच्या वरिष्ठांना भेटले. ते उचित नव्हतं असं लोकलेखा समितीने लिहिलं, पण सत्ताधारी सदस्यांना ते मान्य नव्हतं आणि मतदान घ्यावं लागलं. देखरेख करणाऱ्या समितीतच पक्षाची रेघ ओढली गेली, याचा मला खरोखर राग येतो.

नामाच्या कायद्यात गोपनीयतेची कडक कलमं होती. कर्जदारांची माहिती बाहेर फुटू नये हे मान्य. पण महालेखापरीक्षकांना एवढ्या मोठ्या विक्रीची फाइल सह्या होण्याआधी, बंद दाराआड का दाखवता येऊ नये? आणि एखाद्या सल्लागाराचे हितसंबंध गुंतल्याचं कळलं, तर ते त्याच आठवड्यात लोकलेखा समितीच्या अध्यक्षांना कळवणं बंधनकारक का नसावं? उद्या अशी दुसरी संस्था उभी करायची वेळ आलीच, तर हे दोन्ही नियम तिच्या कायद्यात पहिल्या दिवसापासून हवेत.