कोर्स मुलांना दाखवण्याआधी एकदा शेताच्या धुऱ्यावर उभं राहून उघडा

जूनच्या शेवटी आपल्याकडच्या कॉलेजांत एक ठरलेलं दृश्य असतं. प्रवेशाची गर्दी, फॉर्म तपासणी, आणि त्यातच कोणीतरी मूडलवरचा (साहित्य, स्वाध्याय आणि टेस्ट ऑनलाइन देण्याची कॉलेजची प्रणाली) मागच्या वर्षीचा कोर्स उघडून नावातलं साल बदलतं. झाली तयारी! कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला दाखवायला स्क्रीनशॉट मिळतो, पण मुलांच्या हाती काही लागत नाही. स्टाफरूमच्या वाय-फायवर कोर्स चांगलाच दिसतो. तो वावरातल्या, एका कांडीच्या नेटवर्कवर कसा दिसतो, ते बघितल्याशिवाय त्याला तयार म्हणू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. हे काम सत्र सुरू व्हायच्या आधीच होतं. एका विषयाला दोन पूर्ण दिवस धरा.

सुरुवात जुन्या कोर्सपासून. बरेच जण त्याच कोर्सला रीसेट मारतात. रीसेटमध्ये मुलांची नोंदणी, जमा केलेले स्वाध्याय, टेस्टचे मार्क सगळं साफ होऊ शकतं आणि एकदा गेलं की परत येत नाही. पुढे एटीकेटीवाला (काही विषय राहिलेले असताना पुढच्या वर्गात गेलेला) पोरगा इंटर्नलचे मार्क मागायला आला की धावपळ. त्यापेक्षा जुन्या कोर्सचा बॅकअप घ्यावा, त्यात युजरचा डेटा घेऊ नये, आणि तो नव्या कोर्समध्ये रिस्टोअर करावा. जुना कोर्स नुसता लपवून ठेवायचा. नवाही तयार होईपर्यंत लपवलेलाच ठेवा. सुरुवातीची तारीख पुढची टाकली म्हणून तो आपोआप बंद राहील, या भरवशावर राहू नका.

रिस्टोअर करताना नवी सुरुवातीची तारीख दिली की सगळ्या मुदती तेवढ्याच दिवसांनी पुढे सरकतात. इथे दोन घोळ होतात. एक, सूचनेत हाताने लिहिलेलं 'दि. १५ पर्यंत जमा करा' तसंच राहतं. वर एक तारीख, खाली दुसरी, आणि पोरं व्हॉट्सॲपवर विचारत बसतात. दुसरा घोळ असा की मूडल इंग्रजी दिवस मोजतं, आपले सण तिथीने येतात. २०२४ ला पोळा २ सप्टेंबरला होता, २०२५ ला २२ ऑगस्टला. ज्या पोराच्या घरी बैलजोडी आहे, त्याच्याकडून पोळ्याच्या आणि तान्ह्या पोळ्याच्या दिवशी स्वाध्यायाची अपेक्षा करणं म्हणजे स्वतःचीच फसवणूक. महालक्ष्म्यांचे तीन दिवस मुलींच्या बाबतीत तसेच. म्हणून शेजारी कालनिर्णय उघडं ठेवून प्रत्येक तारीख डोळ्याखालून घाला.

मुदतीचं आणखी थोडं. रात्री ११:५९ ही वेळ कोणी आणली कोण जाणे. गावात लाइन गेली की टॉवरही मान टाकतो, आणि रात्री पोरगं कुठे रेंज शोधत फिरणार? मुदत कामाच्या दिवशी दुपारी बारा-एकची ठेवा, म्हणजे एसटीने कॉलेजात आलेल्या पोराला इथल्या नेटवरून फाइल टाकता येते. मूडलमध्ये 'ड्यू डेट' आणि 'कट-ऑफ डेट' वेगळ्या असतात. पहिली उलटली तर फक्त उशिराची नोंद होते, दुसरी उलटली की दार बंद. दोन्हींत किमान आठ दिवसांचं अंतर ठेवा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क तुटतो. तिकडच्या पोराचा 'निष्काळजीपणा' तो काय? ऑक्टोबरात सोयाबीनची कापणी, दिवाळीनंतर कापूस वेचणी. मोठा प्रकल्प त्या दिवसांत ठेवू नये, एवढं तर आपल्याला समजायला हवं.

आता नोंदणी. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. ऑफिसकडून एक्सेलची यादी येते आणि पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) सोळा आकडी असेल तर एक्सेल त्याचा घात करतं. एक्सेल संख्येचे पंधराच आकडे नीट धरतं, सोळाव्याच्या जागी शून्य बसतं. मग लागोपाठच्या पोरांचे पीआरएन एकसारखे होतात आणि मूडल दुसऱ्याला नाकारतं. उपाय सोपा आहे: नंबर भरण्याआधी तो कॉलम 'टेक्स्ट' करायचा. शून्य झाल्यावर टेक्स्ट करून उपयोग नाही, मूळ यादीच परत मागवावी लागते. नावं मराठीत असतील तर फाइल 'सीएसव्ही यूटीएफ-८' म्हणूनच सेव्ह करा, साध्या सीएसव्हीत नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग दिसते.

ईमेलचा घोळ तर आपल्याच भागात कळेल असा. प्रवेशाचा फॉर्म भरला जातो तालुक्याच्या नेट कॅफेत, आणि पोराचा ईमेल नसला की दुकानदार स्वतःचा टाकतो. एकाच ईमेलवर पंधरा-वीस पोरं! मूडलच्या मूळ सेटिंगमध्ये एक ईमेल दोन खात्यांना चालत नाही, त्यामुळे पहिलं खातं उघडतं आणि बाकीची अडतात. उघडलेल्या खात्याचा पासवर्ड विसरला की मेल जाते दुकानदाराकडे. यादी अपलोड करण्याआधी ईमेलचा कॉलम सॉर्ट करा, एकाखाली एक सारखे दिसले की ओळखा. ॲडमिनला सांगून सारख्या ईमेलची परवानगी देता येते, पण पासवर्डचा प्रश्न तिथेच राहतो. पहिल्या आठवड्यात कॉम्प्युटर लॅबमध्ये बसवून प्रत्येकाचा ईमेल उघडून द्यावा, हेच बरं.

साहित्यात मोठा गुन्हेगार म्हणजे मोबाइलने स्कॅन केलेल्या नोट्स. पंधरा-वीस पानं रंगीत काढली की पीडीएफ सहज तीस एमबीची होते. नेटचा वेग सेकंदाला दोनशे किलोबिट असला, तर ती उतरायला वीस मिनिटं, आणि मधे रेंज गेली तर बहुतेक वेळा पहिल्यापासून. तीच पानं करड्या रंगात, १५० डीपीआयला काढली तर दोन-तीन एमबीत बसतात, दीड-दोन मिनिटांत हातात. तासभराचं व्हिडिओ लेक्चर टाकण्यापेक्षा दहा मिनिटांचा ऑडिओ टाका. नुसत्या बोलण्याला ३२ केबीपीएस मोनो पुरतं, फाइल अडीच एमबीच्या आत राहते. मूडलच्या ॲपमध्ये ती उतरवून ठेवता येते आणि मग रेंज नसली तरी ऐकता येते.

मराठी, इतिहास, समाजशास्त्रवाल्यांसाठी खास: कृतिदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेल्या जुन्या वर्ड फाइली तशाच चढवू नका. पोराच्या फोनमध्ये तो फॉन्ट नसतो, त्याला इंग्रजी अक्षरं, कंस आणि उभ्या रेघा दिसतात. पीडीएफ केली तर दिसतं बरोबर, पण शब्द शोधता येत नाही. युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर जोडाक्षरं आणि रफार हमखास बिघडवतात, म्हणून एकदा नजर फिरवावीच लागते.

ड्राइव्हच्या लिंका लॉग-इन न करता उघडून बघा. सीएचबीवरचे (तासिका तत्त्वावरचे) सर सोडून गेले की त्यांच्या खात्यातल्या फाइलीही गेल्या समजा. पोराला फक्त 'परवानगी मागा' अशी पाटी दिसते, आणि ती मागणी बघायला तिकडे कोणी नसतं.

टेस्टबद्दल एवढंच: मधे नेट गेलं तरी घड्याळ चालूच राहतं. एका पानावर एक प्रश्न ठेवला तर प्रत्येक प्रश्नाला नेट लागतं, म्हणून पाच-पाच ठेवा. टेस्ट दोन दिवस उघडी असू द्या आणि दोन प्रयत्न द्या. वेळेची मर्यादा काढली तर ॲपमधून ऑफलाइनही सोडवता येते, फक्त तशी परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते. नक्कल होईल, हे मान्य. पण पाच मार्कांच्या सरावाच्या टेस्टला विद्यापीठाच्या पेपरचा बंदोबस्त कशाला?

शेवटी, 'विद्यार्थी म्हणून पाहा' या बटणावर समाधान मानू नका, त्यात फाइल जमा करून मार्क येईपर्यंतचा प्रवास नीट तपासता येत नाही. एक खोटा विद्यार्थी तयार करा, साध्या अँड्रॉइड फोनवर वाय-फाय बंद करून लॉग-इन करा. वहीच्या पानाचा फोटो स्वाध्यायात टाका. फोटो चार-पाच एमबीचा असतो, आणि मूडल ज्यावर चालतं त्या पीएचपीची सर्व्हरवरची मूळ मर्यादा दोनच एमबीची असते, म्हणजे इथेच अडायची शक्यता जास्त. अडलं तर ॲडमिनकडून ती वीसपर्यंत वाढवून घ्या. फक्त 'अपलोड मॅक्स फाइलसाइझ' वाढवून भागत नाही, 'पोस्ट मॅक्स साइझ'ही वाढवावी लागते, आणि हे दुसरं बहुतेक जण विसरतात.