रणगाड्याच्या तळाला भोक

पुण्याहून पुतण्याने निरोप ढकललाय. शेपटाला पंख असलेल्या आकाशी शेवरलेचा फोटो आणि खाली मजकूर: ‘पूर्वीच्या अमेरिकन गाड्या म्हणजे रणगाडे! अस्सल पोलाद. ठोकली तरी आतल्याला ओरखडा नाही. पन्नास वर्षं टिकायच्या. चारशे हॉर्सपॉवर! एकही वस्तू उगाच नाही. बिघडली तर पाना घेऊन कुणीही दुरुस्त करायचं. आजच्या गाड्या म्हणजे प्लास्टिकचे डबे.’ वर पुतण्याची पुस्ती: ‘काका, तुम्ही तर चालवलीय. खरं ना?’

हाच मजकूर याआधी तिघांनी पाठवलाय, म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. होय, चालवलीय. १९७९ साली इथे अमेरिकेत पेट्रोलला रांगा लागल्या आणि मोठ्या गाड्यांना कुणी विचारेना. तेव्हा मिशिगनमध्ये मी १९७४ची, अठरा फुटांहून लांब सेदान स्वस्तात उचलली. कंपनीचं नाव सांगत नाही.

आधी ओरखड्याचं बघू. २००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेने १९५९ची शेवरले बेल एअर आणि २००९ची शेवरले मालिबू समोरासमोर, थोड्या बाजूने, आदळवली. दोन्ही ताशी ४० मैलांनी, म्हणजे सुमारे ६४ किलोमीटरने. वजनात फार फरक नव्हता. बेल एअरची पुढची काच निखळून गेली, दार उघडलं, सीट एका बाजूने तळापासून उपटली गेली आणि स्टिअरिंग ड्रायव्हरच्या अंगावर आलं. तिच्यातला माणूस वाचला नसता. मालिबूतल्याच्या पायाला थोडंफार लागलं असतं. लगेच अफवा उठली की जुन्या गाडीतलं इंजिन आधीच काढून ठेवलं होतं. नव्हतं काढलं. सहा सिलिंडरचं इंजिन जागेवरच होतं.

पत्रा जाड होता, कबूल. पण टकरीत तो कुठे वाकावा आणि कुठे वाकू नये, याचा विचार कुणी केला नव्हता. १९५८ ते १९६४ या काळातल्या मोठ्या शेवरलेची चासी फुलीच्या आकाराची होती, दारांखालून जाणारे आडवे रूळच नव्हते. आजच्या गाडीचं नाक मुद्दाम चुरगळतं, म्हणजे माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहतो. बेल एअरमध्ये पिंजराच चुरगळला. त्या काळात स्टिअरिंगचा दांडा म्हणजे छातीवर रोखलेला भाला. आणि सगळ्या नव्या गाड्यांना सीटचे पट्टे सक्तीचे झाले ते थेट १९६८ साली. १९६०च्या सुमारास अमेरिकेत दर दहा कोटी मैलांमागे पाचेक माणसं रस्त्यावर मरत. आता हा आकडा एक ते दीडच्या दरम्यान असतो. त्यात रस्ते, दवाखाने, दारूचे कायदे यांचाही वाटा आहे, पण गाडीचा वाटा मोठा.

मग दंतकथा आली कुठून? पार्किंगमधून. १९७३-७४ नंतरचे बंपर कायद्यानेच असे दणकट झाले, की खांबाला गाडी टेकली तर काळजी खांबाची वाटायची.

‘पन्नास वर्षं टिकायच्या.’ त्या गाड्यांच्या मैलमापकात आकडे पाचच असत. ९९,९९९ झाले की पुन्हा शून्य. बनवणाऱ्यांनाच लाखापुढची फारशी आशा नव्हती. पन्नासच्या दशकात वॉरंटी असायची ९० दिवस किंवा ४,००० मैल, जे आधी संपेल ते. १९७०च्या आसपास अमेरिकन रस्त्यावरच्या मोटारीचं सरासरी वय पाच-साडेपाच वर्षं होतं. आज ते बाराच्या वर गेलंय.

माझ्या रणगाड्याचं सांगतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. दुसऱ्या वर्षी मुलीचं नाणं सीटखाली घरंगळलं म्हणून मी गालिचा उचलला, तर खाली रस्ता दिसला. भोक बशीएवढं. बिस्किटाचा पत्र्याचा डबा कापून, हातोडीने सपाट करून, रिव्हेट मारून बसवला. तो शेवटपर्यंत टिकला, हे कबूल केलं पाहिजे. टपावर चामड्यासारखं दिसणारं व्हिनाइल होतं, त्याच्या आत पाणी मुरून वरूनही गंज. ९३,००० मैलांवर गाडी भंगारात दिली.

क्युबातल्या हवानात त्या काळच्या अमेरिकन गाड्या अजून धावतात, पण त्याचा दाखला देऊ नका. तिथल्या अनेक गाड्यांच्या पोटात दुसऱ्याच गाडीचं डिझेल इंजिन आहे. ती करामत तिथल्या मेकॅनिकांची.

चारशे हॉर्सपॉवरचा आकडा १९७२ आधीच्या मोजणीचा आहे. तेव्हा इंजिन टेबलावर ठेवून, पंखा, सायलेन्सर असलं ओझं काढून मोजत. कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं एकच इंजिन १९७१ साली जुन्या मापाने ३६५ आणि नव्या मापाने २३५ भरलं. आज दोन लिटरचं टर्बो तेवढं सहज देतं. माझी गाडी लिटरला चार किलोमीटर द्यायची. उतारावर.

‘एकही वस्तू उगाच नाही’ वाचून मात्र मला मोठ्याने हसू आलं. अरे, उगाचपणातच तर सगळी मजा होती! पंख १९४८च्या कॅडिलॅकवर आले ते पी-३८ लढाऊ विमान बघून, आणि १९५९ साली पार खांद्यापर्यंत चढले. १९५६च्या शेवरलेत पेट्रोलचं झाकण डाव्या मागच्या दिव्याच्या पाठीमागे लपवलेलं. नव्या माणसाने गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घालाव्यात. फोर्डच्या १९५८च्या एड्सेलमध्ये गिअरची बटणं स्टिअरिंगच्या मधोमध, जिथे हात हॉर्न शोधत जातो तिथे. काहींचे वायपर इंजिनच्या ओढीवर चालत, त्यामुळे भर पावसात चढावर ॲक्सिलरेटर दाबला की वायपर मान टाकायचे. माझ्या गाडीत हेडलाइट वर-खाली करायचं बटण डाव्या पायाखाली होतं. बुटांच्या बर्फाचं खारं पाणी त्यात जाऊन ते अडकलं, आणि पूर्ण फेब्रुवारी समोरच्यांच्या शिव्या खाल्ल्या.

दुरुस्तीचं अर्धं खरं आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाशेजारी उभं राहता येईल एवढी जागा. मी स्वतः इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग आणि पॉइंट बदलायचो. पण ते जमायचं कारण सारखं करावं लागायचं! आजच्या बऱ्याच गाड्यांचे प्लग लाख मैल बघावे लागत नाहीत. ‘प्लास्टिकचे डबे’वर वेगळं काय बोलायचं, वर मालिबू आलीच आहे.

पुतण्याच्या मजकुरात एक गोष्ट राहिली, ती मीच घालतो. पुढची सलग सीट. मंडळाचा गणपती आम्ही त्या गाडीतून नेला होता: पुढे तिघं, मागे चौघं, मूर्ती सासूबाईंच्या मांडीवर. गाडी होडीसारखी डुलत होती, पण मूर्तीला धक्का म्हणून लागला नाही. १९७४च्या गाड्या पुढचे पट्टे लावल्याशिवाय सुरूच होत नसत. लोक इतके वैतागले की त्याच वर्षी अमेरिकन संसदेने ती सक्ती काढली. माझ्या गाडीतली ती सक्ती करणारी वायर पहिल्या मालकानेच कापून टाकलेली होती.

त्या दिवसाचा फोटो पुतण्याला पाठवलाय. सगळे हसतायत, आणि पट्टे सीटच्या फटीत कोंबलेले.